कोपऱ्यातली सही

काल आजोबांची गिरगावातली खोली आवरायला गेले होते, चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये आणि पुढच्या महिन्यात चावी द्यायचीय. माळ्यावरच्या ट्रंकेत 'दीपावली' ह्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक निघाले. पानं पिवळी, कडा कसरीने खाल्लेल्या, पण मुखपृष्ठांचे रंग असे की मी जमिनीवर फतकल मारून बघतच बसले. कोपऱ्यात सही, दलाल. काका म्हणाला रद्दीवाला येतोय पाच वाजता, मी म्हटलं काका, हे नाही द्यायचे.

चित्रकार दीनानाथ दलाल, जन्म १९१६ चा, गोव्यातल्या मडगावचे, मुंबईत येऊन जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९४५ ला 'दीपावली' काढला आणि १९७१ च्या जानेवारीत गेले. ५४ वर्षांचं आयुष्य फक्त. एवढ्यात किती पुस्तकांची मुखपृष्ठं, किती कथांची चित्रं! आमच्या आजीला कथालेखकांची नावं आठवायची नाहीत पण "ते दलालांचं चित्र होतं ना, ती गोष्ट" असं ती म्हणायची.

आणि तेव्हाची छपाई आठवा, प्रत्येक रंगाचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, वेगळा, एकावर एक छापायचा, कागद केसभर सरकला की चेहऱ्याची वाट लागली. खर्च वाचवायचा तर दोनच रंग मिळायचे. मग माणूस करणार काय, तर सपाट रंग, ठाम रेघ आणि कागदाचा पांढरा भागच उजेड म्हणून वापरायचा. त्यांनी काढलेल्या बाईच्या पाठीची रेघ बघा, एका दमात खांद्यापासून कमरेपर्यंत उतरते, कुठे थांबत नाही. मी पंधरा वर्षं हेच पुस्तकांसाठी चित्रं काढायचं काम करतेय, टॅबलेटवर, चुकलं की पुसता येतं, तरी ती रेघ मला अजून जमलेली नाही.

त्याच काळातले चित्रकार रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, त्यांचं काम वेगळं, स्प्रेने केलेली ती मऊ कांती, घराघरातले देव त्यांनीच रंगवले. दोघंही लोकांच्या घरात होते, भिंतीवर, उशाशी. तरी "कमर्शियल आर्टिस्ट" म्हणताना लोकांचा आवाज जरा खालीच येतो, पेंटर म्हणताना येत नाही. मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही. मी स्वतः जेजे अप्लाइडची, तिथे शिकतानाही हे ऐकलंय. प्रेसची तारीख सांभाळून, दुसऱ्याच्या कथेचा मान राखून चित्र काढायचं आणि ते पन्नास वर्षांनी माळ्यावरच्या ट्रंकेत जिवंत राहायचं, ह्याला कला नाही तर काय म्हणायचं?

राग कशाचा येतो सांगते. जुनी पुस्तकं नव्या आवृत्तीत येतात, कव्हर बदलतं, आतली चित्रं जातात नाहीतर तशीच छापतात पण चित्रकाराचं नाव कुठेच नसतं. माझ्याही बाबतीत झालं, लहान मुलांच्या एका पुस्तकात बत्तीस पानं चित्रं माझी, नाव लेखकाचं, प्रकाशकाचं, अगदी डीटीपी करणाऱ्याचंही, माझं राहून गेलं. फोन केला तर म्हणाले पुढच्या आवृत्तीत टाकू. ती आवृत्ती आली, नाव नव्हतंच.

तर आता एकच मागणं. तुमच्या माळ्यावर, गावच्या घरी, वाचनालयाच्या मागच्या कपाटात दलाल, मुळगावकर किंवा कुणाचीही सही असलेले जुने अंक असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका. मला मेसेज करा, विरार, कल्याण, पनवेल कुठेही असा, मी स्कॅनर घेऊन येते. अंक तुमचे तुमच्याकडेच राहतील. माझ्या ट्रंकेत अकरा निघालेत, आज रात्रीपासून सुरू करतेय.