एका शब्दाचं गुऱ्हाळ

आमच्या सोसायटीत मराठी बरं येणं हा गुन्हा आहे आणि नोटिसा लिहिणं ही त्याची शिक्षा. पंचवीस वर्षं प्रुफं तपासली, हे मी एकदा लिफ्टमध्ये बोलून गेलो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो. तेव्हापासून 'टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही' ते 'गच्चीवर पापड वाळत घालू नयेत' इथपर्यंतचं सगळं वाङ्मय माझ्या नावावर जमा आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सेक्रेटरी दारात उभे. "२७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांची जयंती. यंदा काहीतरी वेगळं करू. काय करायचं ते ठरवायला सगळ्यांना बोलावतोय. 'ब्रेनस्टॉर्मिंग सेशन' अशी नोटीस लावून टाका." मग स्वतःच चपापले. "नको, त्या दिवसासाठी तरी इंग्रजी नको. आपला एखादा शब्द घाला. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

त्या दोन मिनिटांना आठ दिवस लागले.

पहिला शब्द अर्थातच 'विचारमंथन'. तो मी पाटीवर लिहिलाही. ही मागून डोकावली आणि म्हणाली, "मंथनातून पहिलं वर काय आलं होतं, आठवतंय ना?" हलाहल. अमृत फार नंतर आलं, आणि आल्याबरोबर त्यावरून मारामारी झाली. शिवाय मंथनाला मंदार पर्वत लागतो, वासुकी लागतो, आणि शेपटाकडची बाजू आधी कोण पकडणार हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे पार्किंगवरून देव-दानव अशा दोन बाजू आधीच पडलेल्या आहेत. खोडलं.

'विचारविनिमय' लिहिला. त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. 'ऊहापोह' लिहिला, तर तळमजल्यावरच्या कॉलेजकुमाराने विचारलं, "काका, हे पोह्यांचं काय आहे? नाश्ता पण आहे?"

मग 'खलबत' सुचला आणि मी खूश झालो. मूळ अरबी, अर्थ एकांत. रायगडावर खलबतखाना आहे. आमचं सोसायटी ऑफिसही पंपरूमशेजारी, खिडकी नसलेलं, म्हणजे जागा हुबेहूब. पण शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असल्याच फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला, सुमारे १,४०० शब्दांना, आणि मी निघालोय मराठी दिनाला अरबी शब्द टांगायला. त्यात खजिनदारांनी तो 'खलबत्ता' असा वाचला आणि खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते विचारलं.

खजिनदार कोल्हापूरकडचे. त्यांच्यासमोर मी 'चर्चेचं गुऱ्हाळ' हा शब्द नुसता थट्टेत काढला. ते उखडलेच. "गुऱ्हाळ म्हणजे काय शिवी हाय व्हय?" मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चुलवाण पेटवायचं, काहिलीत रस उकळायचा, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती काढत राहायची. पाक झाला की नाही, हे गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटांनी बघतो. जरा उशीर झाला की गूळ काळा. "एवढं करून ढेप तरी निघते. तुमच्या मीटिंगातनं काय निघतंय?"

याला उत्तर नव्हतं.

मालवणच्या काकूंचंही तेच. 'काथ्याकूट' म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजवायची आणि मग कुटत बसायचं, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. "पण सुंभ तरी व्हता त्याचा," त्या म्हणाल्या. "तू गजालीक येवा, असा लिव. सगळे येतले." तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे चार माणसं मिळून विचार करायला बसली, की कामाचं नाव आधी आणि निकाल लगेच लागतो: गुऱ्हाळ, काथ्याकूट, चर्वितचर्वण, चऱ्हाट. शब्द भरपूर, पण यातून काही निष्पन्न होईल असा भरवसा एकाही शब्दात नाही. आणि चऱ्हाट म्हणजेही दोरीच. वासुकीपासून सुंभापर्यंत मराठी माणूस चर्चेला बसला की काहीतरी वळतोच.

इंग्रजांचं काय, हेही पाहिलं. ॲलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने ब्रेनस्टॉर्मिंगची ही पद्धत आणि तिचे नियम रूढ केले, १९५३ च्या त्याच्या पुस्तकात ते सविस्तर आहेत. भरपूर कल्पना काढा, वेडगळही चालतील, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या कल्पनेला नावं ठेवू नका. हा शेवटचा नियम वाचून मी चष्मा पुसला. नावं ठेवायची नाहीत, तर मग आमचे लोक येतील कशाला? गंमत म्हणजे त्याआधी 'ब्रेनस्टॉर्म' या शब्दाचा अर्थ डोकं फिरणं असाच होता. १९०७ साली न्यूयॉर्कमधल्या एका गाजलेल्या खून खटल्यात आरोपीच्या बाजूच्या डॉक्टरने साक्षीत हाच शब्द वापरला होता. हा अर्थ मला आमच्या सभांच्या जास्त जवळचा वाटला.

दरम्यान जिन्यात, गच्चीवर, दूधवाल्यासमोर शब्दांची चढाओढ लागली. 'डोकेफोड' आला, 'मसलत' आली, तिसऱ्या मजल्याने 'कल्पनाकुंभ' असा स्वतःचा शब्द पाठवला आणि चौथ्या मजल्याने त्याला नावं ठेवली. आठ दिवस सगळी इमारत एकत्र बसून कल्पना काढत होती. फक्त २७ तारखेला काय करायचं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी सेक्रेटरींचा धीर सुटला. "काहीही लिहा, पण आज लावा." मी निमूटपणे 'विचारमंथन' लिहिलं, वेळ लिहिली, खाली चहा असल्याचं लिहिलं आणि नोटीस लिफ्टशेजारी डकवली.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा तिच्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, "हलाहल कोण पिणार?" आणि त्याखाली, दुसऱ्याच अक्षरात, आमचा फ्लॅट नंबर.