स्कॅनमध्ये दिसतं, मग चुंबक कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमच्या वडिलांची वाचा पक्षाघातात गेली, आणि त्या अनुभवातून तुम्ही लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. वाचा गेलेल्या रुग्णांचा मेंदू डोक्यावरून चुंबकीय उत्तेजन देऊन तपासतात, त्यावर तुमचे आक्षेप दोन. एमआरआयवर मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दिसत असताना रुग्णाच्या डोक्यावर चुंबक धरून त्याला आणखी अडखळवायचं कशासाठी? आणि आधीच दुखावलेल्या मेंदूला ‘शॉक’ देणं क्रौर्य नाही का?

दुसऱ्याचं आधी. हा विजेचा शॉक नव्हे. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय उत्तेजनाची ही पद्धत दाखवली. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, क्षणभर जोरदार प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कवटीखाली साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या पेशींत बारीकसा प्रवाह उमटतो. माणूस जागा असतो. टाळूवर टिचकी बसल्यासारखं वाटतं. फिट येण्याचा धोका फार कमी असला तरी आहेच. म्हणूनच आधी फिट आल्या होत्या का, डोक्यात धातू किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

आता पहिला आक्षेप. कंगव्याचं चित्र समोर ठेवलं की वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडलेल्या, माणसाचा हात केसांकडे जातो, ओठ हलतात, शब्द मात्र येत नाही. त्या वेळी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या गोलार्धाचा (अर्ध्या भागाचा) पुढचा भाग उजळलेला दिसू शकतो. पण तो शब्द शोधायला मदत करतोय, आडवा येतोय, की नुसताच जागा झालाय? स्कॅन हे सांगू शकत नाही. तो भाग चुंबकाने क्षणभर विस्कळीत केला आणि शब्द आणखी लांबला, तर मात्र कळतं की रुग्ण त्याच्यावरच विसंबून होता. जर्मनीतल्या कोलोनच्या एका संशोधक गटाने २००५ मध्ये ११ रुग्णांत हेच तपासलं. त्यांतल्या ५ जणांची भाषा उजवीकडे दिलेल्या चुंबकीय स्पंदांनी (क्षणिक झटक्यांनी) अडली, बाकीच्यांची नाही. स्कॅनवर उजवी बाजू यापेक्षा जास्त जणांत उजळली होती! हा फरक स्कॅनवरून ओळखता आला नसता, आणि माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये मार्गारेट नेसर यांच्या गटाने पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या ४ रुग्णांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला सेकंदाला एक अशा संथ स्पंदांनी शांत केलं, आणि चित्रांची नावं सांगणं सुधारलं. त्यावरून ‘उजवी बाजू अडथळाच करते’ असा समज पसरला. मला तो घाईचा वाटतो. अशाच उपचारानंतर सुधारलेल्या एका रुग्णाला पुढे उजव्या गोलार्धात पक्षाघात झाला आणि भाषा पुन्हा ढासळली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीतली ही घसरण उजवी बाजू निरुपयोगी असती तर झालीच नसती. तिथला एक कोपरा आडवा येत असेल आणि शेजारचा भार उचलत असेल, हे शक्य आहे.

संमतीबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. चित्रं दाखवून, छोट्या वाक्यांत, ‘हो’ किंवा ‘नाही’ची खूण घेऊन रुग्णाला स्वतःला विचारलंच पाहिजे. फक्त नातेवाइकांची सही घेऊन चालणार नाही.

वडिलांसाठी स्पीच थेरपी चालू ठेवा. भाषेसाठी चुंबकीय उत्तेजन अजून नेहमीच्या उपचारांत बसलेलं नाही. कुणी ते सुचवलंच, तर विचारा: कोणत्या बाजूला देणार, किती वेगाने, आणि ती जागा यांच्यासाठी कशावरून ठरवली?