गाठ उपाशी मरत नाही, माणूस वाळतो

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. सार असं: वजन आपोआप उतरलं की कॅन्सरच समजा, कॅन्सर साखरेवर जगतो, म्हणून साखर, भात, पोळी बंद करून त्याला उपाशी मारा, आणि वजन उतरतंय म्हणजे रोग उतरतोय. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच खपतं. डाएट नाही, व्यायाम नाही, तरी सहा महिने ते वर्षभरात वजन 5 टक्के किंवा जास्त घटलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो, तर तपासून घ्यायलाच हवं. पण लगेच कॅन्सरच? जगातले साधारण पाव टीबी रुग्ण एकट्या भारतात आहेत, मधुमेह घरोघरी. थायरॉइड असू शकतं, नैराश्य असू शकतं. म्हाताऱ्या माणसाची कवळी बसत नसेल तर तेवढंही पुरतं. उलट, स्तनातली लहान गाठ वजन तसूभरही न घटवता वाढते, आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी झालं की काटा जास्तच दाखवतो. तेव्हा ‘वजन तर उतरलं नाही ना’ म्हणत गाठ अंगावर काढू नका. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका, फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये मात्र वजन बऱ्याचदा आधीच ढासळू लागतं.

साखरेचं मूळ खरं आहे. गाठीच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं. कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन त्यावरच चालतो: किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात, गाठ उजळते. (मेंदूही उजळतो, त्याला उपाशी मारा असं अजून कुणी पाठवलेलं नाही.) पण ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही. यकृत ती बनवत राहतं, आणि कच्चा माल घेतं स्नायूंमधून.

‘वजन उतरतंय म्हणजे रोग उतरतोय’ हे वाक्य सगळ्यात वाईट. गाठीमुळे अंगात दाह माजतो, भूक मरते, स्नायू झडतात. डॉक्टर याला कॅकेक्सिया म्हणतात. नुसतं खाऊ घालून ते पुरतं भरून येत नाही, पण उपाशी राहिलं की घसरण वाढते आणि औषध सोसेनासं होतं.

माझ्या मावशीने केमो चालू असताना तीन आठवडे भात-पोळी सोडली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, अंगठीला दोरा गुंडाळलेला. “रोग उतरतोय गं,” म्हणायची. पुढच्या खेपेला काट्यावर 41 आलं आणि केमो पुढे ढकलली. आहारतज्ज्ञ बाईंनी तेव्हा वहीत लिहून दिलं: दर दोन तासांनी थोडं थोडं, दुधात नाचणीसत्त्व, उकडलेलं अंडं, मऊ भातावर वरण नि चमचाभर तूप, दर सोमवारी सकाळी त्याच काट्यावर वजन.

त्या पानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला. इमोजी एकही आला नाही. रात्री उशिरा मेसेज पाठवणाऱ्या काकांनीच विचारलं, “नाचणीसत्त्व विकतचं चालेल का?”