'त्यांना काय, सवय आहे!'

हिवाळा आला की आपल्या ग्रुपांवर टाइम्स स्क्वेअरचे पांढरेशुभ्र फोटो फिरायला लागतात. मॅनहॅटनला चार इंच बर्फ पडला की बातमी. त्याच न्यूयॉर्क राज्यात वर उत्तरेला लुईस काउंटी (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) आहे. तिथे एका रात्रीत तीन फूट पडला तरी 'त्यांना काय, सवय आहे' म्हणून विषय संपतो. या वाक्याचा मला भयंकर राग येतो.

ऑन्टारिओ सरोवर खोल आहे, सहसा पूर्ण गोठत नाही. थंड वारा त्या उघड्या पाण्यावरून बाष्प उचलतो, पूर्वेला टग हिलचं पठार आडवं येतं, आणि सगळा माल तिथेच उतरतो. बर्फाचा पट्टा इतका अरुंद, की एका गावात ऊन आणि दहा मैलांवर समोरचा गोठा दिसत नाही.

जानेवारी 1997 मध्ये लुईस काउंटीतल्या माँटेग्यू गावात 24 तासांत 77 इंच मोजला गेला. जवळपास साडेसहा फूट! देशाचा विक्रम झाला असता, पण हवामानाचे विक्रम तपासणाऱ्या समितीने नाकारला, कारण मोजणी चारऐवजी सहा वेळा झाली होती. फळीवर साचलेला बर्फ मोजायचा, फळी पुसायची, पुन्हा ठेवायची. जितक्या जास्त वेळा पुसाल तितका बर्फ कमी दबतो आणि आकडा फुगतो. नियम बरोबरच आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण बाहेरच्यांना या काउंटीबद्दल ठाऊक काय, तर हा फसलेला विक्रम.

गाईंचं कोणी विचारत नाही. हा दुधाचा मुलूख, लाउव्हिलला क्रीम चीजचा मोठा कारखाना आहे. वादळ असो नसो, धार दिवसातून दोन-तीनदा काढावीच लागते. बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) भरला आणि टँकर पोचला नाही, की दूध थेट शेणाच्या खड्ड्यात. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांचं दूध घरातच राहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर गोठ्याच्या छपरावरचा बर्फ उपसायचा, नाहीतर छप्पर गाईंवर. शेजारच्या ऑस्वेगो काउंटीत रेडफिल्डला फेब्रुवारी 2007 मध्ये दहाएक दिवसांत 141 इंच पडला होता. रोज उपसून टाकायचा तरी कुठे?

प्लाऊवाला (बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीचा चालक) पहाटे रस्ता मोकळा करतो, वारा तासाभरात तो पुन्हा भरतो. दोन घरांसाठी मैलभर रस्ता उघडा ठेवायचा आणि करदाते मूठभर. 'एवढा खर्च कशाला?' असं शहरातले लोक विचारतात. बेगलवर (कड्यासारख्या गोल पावावर) क्रीम चीज थापणाऱ्यांनी तरी विचारू नये.

आणि त्याच राज्यातल्या सिरॅक्यूज, रॉचेस्टर शहरांतल्या आपल्या मंडळींनो, प्रवासबंदी लागली की रील काढायला तिकडे जाऊ नका. तुमची एक गाडी आडवी झाली की प्लाऊ थांबतो, त्याच्यामागे टँकर थांबतो, अँब्युलन्सही थांबते. बर्फ थांबला, रस्ते उघडले की खुशाल जा. स्नोमोबिलचे (बर्फावर चालणाऱ्या गाडीचे) ट्रेल झकास आहेत, आणि तिथल्या खानावळवाल्यांचा हिवाळा त्याच गिऱ्हाइकांवर निघतो.