दोनशे किलोमीटरसाठी माद्रिदचा वळसा

स्पेनमध्ये मी राहते त्या सालामांकाहून कासेरेस सरळ दक्षिणेला, मोटारीनं साधारण २०० किलोमीटर. मैत्रिणीकडे शनिवारी जेवायला जायचं म्हणून गाड्यांच्या वेळा बघायला बसले, तर फोननं मला आधी पूर्वेला माद्रिदला धाडलं. चामार्तिन स्टेशनला उतरा, लोकलनं शहर ओलांडून आतोचाला जा, तिथून पुन्हा पश्चिमेची गाडी धरा.

कोल्हापूरकराला याचं नवल वाटू नये. रत्नागिरी घाटाखालीच, एसटी नेऊन सोडते. रेल्वेनंच जायचा हट्ट असेल तर पुणे, पनवेल करत या. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. गाडी अजून दिसायची आहे.

फरक असा, की आमचा रूळ पडलाच नाही. यांचा होता, तो यांनी सोडून दिला. उत्तरेतल्या आस्तोर्गापासून सामोरा, सालामांका करत कासेरेसच्या अलीकडच्या प्लासेन्सियाकडे उतरणारा हा मार्ग जवळपास जुन्या रोमन रस्त्याच्या वाटेनंच जायचा. तोटा होतो म्हणून १ जानेवारी १९८५ ला त्यावरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. बेहार हे लोकरीच्या कापडाचं गाव. तिथून एर्वासकडे आता त्याच वाटेवर लोक सायकली चालवतात. वाट सुंदर आहे, मीही गेले आहे. पण सायकलवरून कुणी दवाखान्याला किंवा कॉलेजला जात नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर मुंबई-अहमदाबाद बुलेटचा विषय निघाला की दोन्ही बाजू स्पेनला मध्ये आणतात, मी इथे आहे म्हणून. भाऊजी म्हणतात, त्या एवढ्याशा देशात चार हजार किलोमीटरच्या आसपास हायस्पीड मार्ग आहेत, चीनखालोखाल. खरं आहे. काका म्हणतात, बुलेटचा रूळ अरुंद, आपला ब्रॉडगेज, ती बाकीच्या जाळ्यात बसायचीच नाही. इथे मात्र काका चुकतात. स्पेनचा जुना रूळ १६६८ मिलिमीटरचा, आपल्याहून जेमतेम ८ मिलिमीटरनं कमी, आणि हायस्पीडचा १४३५. सालामांकाची वेगवान गाडी मेदिना देल काम्पोजवळ एका शेडमधून हळूहळू जाते, चाकांमधलं अंतर बदलतं आणि ती दुसऱ्या रुळावर लागते. प्रवाशाला कळतही नाही.

पण भाऊजींना नकाशा दिसत नाही. १९९२ ला माद्रिद-सेव्हिया सुरू झाली, त्यानंतरच्याही बहुतेक मोठ्या रेषा माद्रिदहूनच फुटल्या. राजधानीला जायचं असेल तर इथे राजासारखं जाता येतं. शेजारच्या प्रांतात जायचं तर बस. कासेरेस ज्या एक्स्त्रेमादुरात आहे, तिथली माणसं २०१७ ला ‘धड गाडी द्या’ म्हणत माद्रिदच्या चौकात जमली होती. २०२२ ला प्लासेन्सिया ते बदाखोस सुधारलेला मार्ग मिळाला. उत्तरेला सालामांकाकडे मात्र काहीच नाही. आणि एकदा उखडलेला रूळ परत टाकायला नवा टाकण्याइतकाच खर्च, हे तोट्याचा हिशोब मांडताना कुणी धरलं नव्हतं की काय, देव जाणे.

शनिवारी बसनं गेले. तीनेक तास लागले.

परत येताना ग्रुपवर एवढंच लिहिलं: बुलेट हवी की नको ते नंतर भांडू, आधी मुंबई-पुण्याला न शिवता जाणाऱ्या आपल्या रेषा किती ते मोजा. भाऊजींनी अंगठा टाकला. काकांनी सुप्रभातचं गुलाब.