आधी चिठ्ठ्या आणा

तुमच्या संस्थेच्या ऑफिसातल्या भिंतीवर अजून फक्त महात्मा फुल्यांची तसबीर, बँकेचं कॅलेंडर आणि कुणा देणगीदाराने दिलेलं बंद घड्याळ असेल, तर तुमच्याकडे इनोव्हेशन नाही, हे दारातूनच कळतं. घाबरू नका. हल्ली इनोव्हेशन ‘डिझाइन थिंकिंग’ने येतं, म्हणजे वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करून, भिंतीवर चिठ्ठ्या लावत उपाय शोधायच्या पद्धतीने. आज संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात जा आणि चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या आणा. पिवळ्या जास्त आणा, त्या लवकर संपतात.

या चिठ्ठ्यांचा इतिहास माहीत असलेला बरा. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचा शास्त्रज्ञ १९६८ साली जबरदस्त चिकटणारा गोंद करायला बसला आणि लावला तसा अलगद निघून येणारा गोंद करून उठला. त्याचं करायचं काय, हे कंपनीला कळायला दहा-बारा वर्षं गेली. १९८० साली चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या. डिझाइन थिंकिंगचा सगळा डोलारा या गोंदावर उभा आहे. कुठेही चिकटायचं, पण निघताना खूण राहू द्यायची नाही. गावात वीस-वीस वर्षं चिकटून राहणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांना हे कधी जमलं नाही.

आता मुहूर्त. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. हे २०१४ च्या एप्रिलपासून लागू आहे आणि तेव्हापासून समाजाच्या अडचणी प्रामुख्याने जानेवारीत सुरू होऊन ३१ मार्चला संपतात. तेव्हा तुमचं डिझाइन थिंकिंगही जानेवारीतच बसवा.

समजा, तुमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागते. पोरंही बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहतं, पोर उसाच्या फडात असतं. मोठी मुलगी असेल तर ती हटकून जाते, कारण आई मोळ्या बांधत असताना कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणार कोण? पाडव्याच्या आगेमागे ही माणसं परततात, तोवर परीक्षा दाराशी आलेली असते. हे सगळं तुमच्या फील्डवरच्या ताईंना पाठ आहे. म्हणूनच त्यांना कार्यशाळेत बोलू देऊ नका. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत उत्तर सांगितलं, तर उरलेल्या दोन दिवसांचं हॉलभाडं वाया जाईल.

पायऱ्या पाच आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने त्या जगभर पोचवल्या: एम्पथाइझ, डिफाइन, आयडिएट, प्रोटोटाइप, टेस्ट. मराठीत सांगू नका. ‘आधी जाऊन विचारा, मग करून बघा’ असं म्हटलंत तर तुमची आजीही म्हणेल की हे तर मी रोज करते, आणि आजीला मानधन द्यायची आपल्याकडे सोय नाही.

पहिली पायरी एम्पथी, म्हणजे समोरच्याच्या चपलेत पाय घालून बघणं. त्यासाठी पुण्याहून फॅसिलिटेटर, कंपनीचे चार तरुण आणि एक फोटोग्राफर अशी गाडी भरून गावात न्या. महिना जानेवारी. गाव रिकामं. घराघराला कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं आणि देवळासमोर दोन कुत्री. ज्यांच्या चपलेत पाय घालायचा ते चपला घालून कारखान्याला गेलेत. इथे नवखा संस्थाचालक गडबडतो. तुम्ही गडबडू नका. जी आजी सापडेल तिच्याशी एम्पथी करा.

आजी बोलेल. आजी म्हणेल, “नातवंडांना ठिवून घेतलं आसतं की मी. पर त्यांच्या दळणाचं काय? माझं मलाच पुरंना.” हे वाक्य चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. पूर्ण लिहू नये, चिठ्ठी लहान असते. ‘दळण’ एवढंच लिहा. पुढे त्यावर कुणी बोट ठेवलं तर ‘फूड सिक्युरिटी’च्या रकान्यात सरकवता येईल. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, पोरं गावात राहिली तर त्यांच्या जेवणाची सोय होऊ शकते, त्या योजनेचं गावात नेमकं काय झालं ते विचारावं, असं ताई हळूच सुचवतील. त्यांना चहाचं बघायला सांगा.

कार्यशाळेत फॅसिलिटेटर हैदराबादकडची एक गोष्ट सांगेल. डिझाइन कंपनी आयडिओचे टिम ब्राऊन यांनी २०१० साली सहलेखिकेबरोबर लिहिलेल्या लेखात ती आहे. एका संस्थेने वस्तीत शुद्ध पाण्याचं केंद्र काढलं. पाणी चांगलं, दर परवडणारा. तरी एक बाई घराजवळचं, अधूनमधून आजारी पाडणारं पाणीच भरत राहिली. कारण केंद्रावर पाच गॅलनचाच कॅन घ्यावा लागे, म्हणजे जवळपास १९ लिटर, आणि भरलेला कॅन तिला उचलवत नव्हता. पाण्याचा कस तपासला गेला होता, बाईच्या कमरेचा विचार झाला नव्हता. गोष्ट फार चांगली आहे. ती ऐकून सगळ्यांनी ‘ओहो’ म्हणायचं, पुढची स्लाइड लावायची आणि आपापल्या गटात जाऊन ॲपवर चर्चा सुरू करायची.

हो, ॲपच. डिफाइन आणि आयडिएट, म्हणजे प्रश्न मांडणं आणि कल्पना लढवणं, या दोन पायऱ्यांत कितीही चिठ्ठ्या लावल्या तरी शेवटी ॲपच निघतं. आजपर्यंत मी तरी दुसरं काही निघालेलं पाहिलं नाही. आपल्या ॲपचं नाव ‘कोयता टू कोड’ ठेवा. उसाच्या फडात बसून मुलगी मोबाइलवर पाचवीचं गणित सोडवेल, अशी कल्पना. मोबाइल एकच आहे, तो बापाच्या खिशात आहे, बाप पहाटे फडात उतरतो आणि मुलीच्या काखेला धाकटा आहे. हे ‘युजर कन्स्ट्रेंट्स’ म्हणून कोपऱ्यात लिहून ठेवा. गुलाबी चिठ्ठीवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे खरं, पण बंबाला लोगो किती छान आहे ते बघा.

कल्पना मोठ्या प्रमाणावर नेण्याबाबत दक्षिण आफ्रिकेच्या प्लेपंपांपासून प्रेरणा घ्यावी. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं आणि त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं! ऐकताच कुणाचाही हात पाकिटाकडे जावा. २००६ साली अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली, पंप गावोगाव बसले. पुढे ‘गार्डियन’मध्ये कुणीतरी कागदावर हिशेब मांडला: ठरवलेलं पाणी काढायचं तर मुलांनी दिवसाचे २७ तास खेळायला हवं. मुलं २४ तासांतच दमली आणि बऱ्याच ठिकाणी तो पाळणा बायकांना ढकलावा लागला. साध्या हातपंपाने काम भागत होतं, हे त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. पण हातपंपाचा व्हिडिओ कोण बघतं?

एका उदाहरणापासून मात्र लांब राहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था १९८६ साली काढली. त्यांनी दवाखाना बांधण्याआधी गोंड माणसांनाच विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती, नातेवाईक जवळ हवे होते. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना झाला आणि त्याला नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईला बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून मणी ओवलेलं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळ आजारी. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, ३९ गावांत बालमृत्यू कमी झाले, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. आता सांगा, यात चिठ्ठी कुठे आहे? पाच पायऱ्या कुठे आहेत? गावात जाऊन राहायचं, वर्षानुवर्षं ऐकत बसायचं, ही काय पद्धत झाली? मार्चअखेर कशी गाठणार?

प्रोटोटाइप थर्माकोल आणि आइसक्रीमच्या काड्यांचा करा. तीस-पस्तीस वर्षांची माणसं जमिनीवर बसून काड्या चिकटवताना फार निरागस दिसतात. फोटो तेव्हाच काढायचे. टेस्टिंगसाठी मुलं हवीत. ती फडात आहेत, म्हणून शहरातल्या एका चांगल्या शाळेतल्या मुलांकडून टेस्टिंग करून घ्या. त्यांना ॲप आवडेल.

आणि ॲप चाललं नाही तर? उत्तमच. ‘फेल फास्ट’ हे या शास्त्रातलं सुवचन आहे. अपयश लपवायचं नाही, साजरं करायचं. केक आणा. फक्त अपयश कुणाचं आहे ते नीट बघून घ्या. लाखांचं ॲप बंद पडलं तर ते ‘लर्निंग’ असतं. ताईंकडून एसटीचं चाळीस रुपयांचं तिकीट हरवलं तर तो ‘ऑडिट ऑब्जेक्शन’ असतो आणि त्याला केक नसतो. मागच्या खेपेला ताईंनी लेखी खुलासा दिला. दोन पानांचा. तेवढ्या वेळात त्यांच्या चार घरांच्या भेटी झाल्या असत्या, पण शिस्त म्हणजे शिस्त.

अहवाल ३० मार्चला द्या. त्यात आजीचा फोटो पहिल्या पानावर हवा. आजी हसत नसेल तर सुरकुत्या घ्या, त्याही चालतात.

मग उन्हाळा जाईल, पाऊस होईल, भिंत ओल धरेल आणि चिठ्ठ्या एकेक करून खाली येतील. ऑक्टोबरात गावच्या फाट्यावर पुन्हा ट्रॅक्टर उभे राहतील, भांडीकुंडी, बोचकी आणि वर पोरं. ताई ऑफिसला फोन करतील. म्हणतील, सर, सात-आठ आज्या पोरं ठेवून घ्यायला तयार आहेत, दिवाळीआधी महिन्याचं दळण दिलं तर यंदा काही मुली राहतील. तेव्हा त्यांना तोडून बोलू नका. म्हणावं, ताई, मुद्दा छान आहे, पण या वर्षी फंडरची थीम क्लायमेट आहे. दळणाचं जानेवारीतल्या वर्कशॉपमध्ये घेऊ. तोवर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.

पिवळ्या संपल्यात. हिरवी चालेल.