कॉर्नफ्लोअरने तेल नवं होत नाही: पुऱ्यांच्या 'पाच गुपितां'ना उत्तर

मागच्या रविवारी सकाळी काकूचा फोन आला. "अगं, हातावर तेल उडालंय, काय लावू?" काकू सत्तरीची, साताऱ्याला एकटी राहते. रविवारी न्याहारीला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि घट्ट दही हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. उभा जन्म तळणीपुढे गेलेल्या बाईचा हात पुऱ्या तळताना भाजलाच नव्हता. पुऱ्या संपल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक उपाय करून पाहताना भाजला.

शेजारीण टूथपेस्ट घेऊन उभी होती. ती लावू दिली नाही. आधी बांगड्या काढ आणि हात वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धर, बर्फ नको, हळद नको, मग डॉक्टरकडे जा, एवढं फोनवरच ओरडून सांगितलं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आलेत.

तो मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरला असेल. 'तेलकट पुरीला कायमचा रामराम, आजीबाईची पाच गुपितं.' पहिलं, तळणीच्या तेलात चमचाभर मीठ टाका, पुरी तेल पीत नाही. दुसरं, कणकेत खाण्याचा सोडा घाला, त्याशिवाय पुरी फुगत नाही. तिसरं, तळण झाल्यावर तेल गरम असतानाच अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून ओता. तेल नव्यासारखं होतं, महिनाभर वापरा. चौथं, पुरी आधी उकळत्या पाण्यात शिजवून मग एअर फ्रायरमध्ये फुगवा, शून्य तेल. पाचवं, तळण नेहमी मंद आचेवर करा, तापलेल्या तेलाने कॅन्सर होतो.

क्रमाने जायला हवं, पण मी तिसऱ्यापासूनच सुरू करणार. काकूचा हात त्यानेच भाजला.

पुऱ्यांचं तेल साधारण १८० अंश सेल्सिअसला असतं. पाणी १०० अंशाला उकळतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ओतलं की ते तळाशी जातं आणि तिथे एकदम वाफ होते. एक मिलिलिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. अर्धी वाटी पाणी म्हणजे पाऊणशे मिलिलिटर धरा. त्याची वाफ सव्वाशे लिटरच्या घरात जाते. ती वाट काढते ती वरचं तेल उडवून. शेगडी चालू असेल आणि उडालेलं तेल ज्योतीवर पडलं तर कढईच पेट घेते. (तसं कधी झालं तर पाणी ओतू नका. गॅस बंद करायचा आणि कढईवर झाकण सरकवायचं.) चिमूटभर पाण्याच्या थेंबाने तेल कसं तडतडतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी कुणीतरी 'अर्धी वाटी ओता' असं लिहितं आणि शेकडो माणसं ते न वाचता पुढे ढकलतात. मला याचा फार राग येतो.

आता यातलं अर्धसत्य. कॉर्नफ्लोअरने तेल गाळण्याची युक्ती खोटी नाही, हे मला मान्य करावं लागतं. तेल पूर्ण थंड झालं की त्यात ती पेस्ट घालून अगदी मंद आचेवर, उकळी येऊ न देता ढवळत राहिलं तर स्टार्च घट्ट होतो आणि जळकं पीठ, तिखट, तीळ, ओवा असं सगळं त्याला चिकटून येतं. मी करून पाहिलंय. तेल स्वच्छ दिसतं. पण स्वच्छ दिसणारं तेल आणि नवं तेल यांत फरक आहे, आणि मेसेजचं खरं नुकसान इथेच आहे.

मी गेली काही वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. त्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करावी लागली, तेव्हा त्यांचा तेलाचा नियम नीट वाचला. तळताना कणकेतलं पाणी, हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता या तिघांमुळे तेलाचे रेणू तुटतात, खराब होतात, एकमेकांना जोडून चिकट होतात. त्यातून जे तयार होतं त्याचं मोजमाप म्हणजे 'टोटल पोलर कंपाउंड्स'. १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे की हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची. वापरलेलं तेल पुन्हा पोटात जाऊ नये म्हणून ते गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची 'रुको' नावाची मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली.

ही घाण तेलात विरघळलेली असते. ती काजळीसारखी तरंगत नाही. कॉर्नफ्लोअर जळके कण उचलतं, विरघळलेलं बिघडलेलं तेल तिथेच राहतं. उलट पेस्टमधला थोडा ओलावा मागे राहतो, आणि पुढच्या तळणाला तोच तेल आणखी लवकर तोडतो. मग 'महिनाभर वापरा' हे कुठून आलं? नियम धंद्यासाठी आहे हे खरं, पण तेल घरच्या कढईत आणि हॉटेलच्या कढईत सारखंच बिघडतं. घरी मोजायचं यंत्र नसतं, म्हणून खुणा बघायच्या: रंग काळपट होणं, हाताला चिकट लागणं, वर फेस धरणं, तापताच निळसर धूर येणं. घरांसाठी प्राधिकरणाचा सल्ला सरळ आहे. एकदा तळलेलं तेल गाळा, भाजी-आमटीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत संपवा, त्यात पुन्हा तळू नका. माझी आई हेच करायची, पंच्याचं फडकं घेऊन.

तेल उरतं म्हणून ही सगळी खटपट. तर कमी घ्या ना! चार माणसांच्या पुऱ्यांना लिटरभर तेल कशाला? लहान, खोलगट कढई घेतली आणि एका वेळी एकच पुरी सोडली तर अर्ध्या लिटरच्या आत काम होतं. वेळ दहा मिनिटं जास्त जातो.

बाकीचे मुद्दे पटकन.

मीठ. मीठ तेलात विरघळत नाही. ते कढईच्या बुडाशी बसतं आणि पुरी वर तरंगते. त्यांची गाठच पडत नाही. चमचाभर मीठ फुकट जातं आणि तेलाची नासाडी वाढते.

सोडा. पुरी फुगते ती वाफेने. गरम तेलात पडताच तिचे दोन्ही पापुद्रे घट्ट होतात, आतल्या पाण्याची वाफ त्यांना अलग करते. सोड्याने पीठ जाळीदार होतं, आणि त्या जाळीत तेल शिरतं, म्हणजे ज्यासाठी मेसेज लिहिला त्याच्या बरोबर उलट. भटुऱ्यांचं पीठ आंबवतात, मालवणी वड्यांचं तांदूळ-उडदाचं पीठ गरम पाण्यात मळून काही तास झाकून ठेवतात, ते वेगळे पदार्थ आहेत. साध्या पुरीला सोडा नको. न फुगण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात: कणीक सैल, लाटी कडेला जाड आणि मध्ये पातळ, किंवा मोहन जास्त. कडकडीत मोहन भरपूर घातलं तर पुरी खुसखुशीत होते, टम्म होत नाही. प्रवासाच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांना ते चालतं, न्याहारीच्या पुरीला चमचाभर पुरे.

उकळत्या पाण्यातली पुरी. फुगते, हे खरं. मी एकदा केली. पण लाटलेलं पीठ पाण्यात शिजवलं की त्याची चकोली होते, आणि ती नंतर गरम हवेत वाळवली की वर कडक, आत चिवट असं काहीतरी होतं. ज्यांना तेल वर्ज्य आहे त्यांनी खुशाल खावं. डॉक्टरांनी काकूला सांगितलं असतं तर मी तिला सरळ फुलका करून वाढला असता.

मंद आच. यातही थोडं तथ्य आहे. पिठाचे पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले-तळले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं, कॅन्सरचा संशय असलेलं रसायन तयार होतं, स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये ते अन्नात दाखवलं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. म्हणून पुरी लालभडक करू नका, सोनेरी झाली की काढा. धूर येईपर्यंत तेल तापवू नका. पण म्हणून मंद आच? मंद तेलात पुरी फुगत नाही, बराच वेळ पडून राहते आणि तेल पिते. कणकेची बारीक गोळी टाकून बघायची: लगेच वर आली आणि जळली नाही, की तेल तयार.

आणि तेल पिण्याचं एक कारण मेसेजमध्ये कुठेच नाही. तळत असताना आतून वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. पुरी बाहेर काढली की आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. पुरी तेल पिते ती बरीचशी कढईबाहेर. म्हणून काढताना ती झाऱ्यावर उभी धरून कढईच्या कडेला नीट निथळू द्यायची, आणि मग चाळणीत उभीच ठेवायची, एकीवर एक रचायची नाही. कणीक घट्ट, त्यात चमचाभर रवा, आणि लाटताना पिठाऐवजी तेलाचं बोट, कारण वरचं सुटं पीठ तेलात गळून जळतं आणि तेल काळं करतं. काकूला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिला शंका वाटायला लावली ती त्या 'आजीबाईंची गुपितं' या शब्दांनी.

फॅमिली ग्रुपवर मी संध्याकाळी हे टाकलं, कुणाला हवं तर उचला: "गरम तेलात पाणी किंवा कॉर्नफ्लोअरची पेस्ट ओतू नका. काकूचा हात भाजलाय. तळलेलं तेल थंड झाल्यावर गाळा, दोन दिवसांत फोडणीला संपवा. आधीचा मेसेज ज्याने ज्याने पुढे पाठवला असेल त्याने त्याच माणसांना हाही पाठवा."